'मानवत नाही' म्हणण्याआधी

(अल्लीपूर, ता. हिंगणघाट, जि. वर्धा येथे महिलांच्या आरोग्य बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समोर बसलेल्या बाजी, भाभी, खाला, दादी, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मागे दाराशी उभे असलेले भाऊ. भावांनी आत येऊन बसावे ही विनंती. आजचा विषय बाळाच्या खाण्याचा आहे म्हणून तो फक्त बायकांचा आहे, असे समजू नका.

आपल्याकडे लहान बाळाविषयी एक शब्द रोज कानावर पडतो. 'मानवत नाही.' दूध मानवत नाही, अंडे मानवत नाही, वरण मानवत नाही. कधी कधी तर आईचेच दूध मानवत नाही. हा शब्द घरातल्या मोठ्या माणसाने एकदा उच्चारला की तो पदार्थ बंद होतो. पुन्हा कधी सुरू करायचा, हे कुणी विचारत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात याच्या उलट होते. अंडे भरवल्यावर बाळाचे ओठ दोनदा सुजतात, अंगावर गांधी उठतात. घरचे म्हणतात नजर लागली. मीठ-मिरची ओवाळतात आणि आठ दिवसांनी तिसऱ्यांदा अंडे देतात.

पहिल्या घरातले बाळ हळूहळू वाळत जाते. दुसऱ्या घरातल्या बाळाच्या जिवावर बेतू शकते. दोन्ही घरांत प्रेम कमी नाही. नीट पाहणे आणि पाहिलेले लक्षात ठेवणे, एवढेच कमी पडते. आज मला त्याबद्दलच बोलायचे आहे.

'मानवत नाही' या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी घालतो. पहिली ॲलर्जी. दुसरी न पचणे. तिसरी म्हणजे यातले काहीच नसणे.

आधी ॲलर्जी पाहू. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. काही बाळांच्या बाबतीत ही यंत्रणा दुधातल्या, अंड्यातल्या किंवा शेंगदाण्यातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्यावर तुटून पडते. अशा बाळाला तो पदार्थ अगदी थोडासा गेला तरी त्रास होतो. न पचणे वेगळे. तिथे लढाई नसते, पदार्थ पचवणारा रस कमी पडतो. थोडे खाल्ले तर चालते, जास्त खाल्ले तर पोट बिघडते. त्याने जीव घाबरा होत नाही, ओठ सुजत नाहीत. तिसऱ्या प्रकारात जुलाबाची साथ असते, सर्दीखोकला असतो, घास जास्त झालेला असतो, किंवा बाळाचे रोजचे वागणेच असते.

या तिसऱ्या प्रकाराबद्दल आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. पहिल्या काही महिन्यांत दूध प्यायल्यावर तोंडावाटे थोडे दूध परत येणे हे बहुतेक बाळांत होते. बाळाचे वजन वाढत असेल, ते खेळत असेल, तर तो आजार नाही. दीड महिन्याच्या आसपास बाळ संध्याकाळी खूप रडते, पाय पोटाशी घेते. तेही बहुधा तीन-चार महिन्यांत आपोआप कमी होते. अंगावर पिणारे बाळ दिवसात सहा-सात वेळा शी करू शकते, किंवा तीन-चार दिवस करत नाही. टोमॅटो किंवा लिंबाचा रस लागून तोंडाभोवतीची कातडी लाल झाली आणि तासाभरात गेली, तर तीही बहुधा ॲलर्जी नसते. यातल्या कशासाठीही आईचे ताट रिकामे करायची गरज नाही.

आता खरी ॲलर्जी कशी दिसते ते ऐका. तिचेही दोन प्रकार आहेत.

एक लगेच दिसणारी. पदार्थ पोटात गेल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास सुरू होतो. अंगावर खाजऱ्या गांधी, डोळ्यांच्या पापण्या आणि ओठ सुजणे, उलटी, खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज. हे वाढत गेले तर आवाज बसतो, श्वास अडतो, बाळ पांढरेफटक किंवा निळसर पडते, अंग सैल सोडते. इथे घरगुती उपाय नाही. बाळाला आडवे ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर. तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन करा, किंवा जे वाहन हाताशी असेल त्याने जवळच्या दवाखान्यात न्या. तिथे मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन देतात. जीव वाचवणारे औषध ते आहे. ॲलर्जीचे गोड सिरप खाज कमी करते, पण श्वास अडकलेल्या बाळाला ते पुरत नाही. बरे वाटले तरी लगेच घरी आणू नका. काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टर ठेवून घेतात. दुआ जरूर करा, कुणी दम करत असेल तर गाडीत करू द्या. पण गाडी थांबवून नको.

दुसरी उशिरा दिसणारी. ही ओळखायला अवघड. अंगावर पिणारे, वजन वाढणारे, हसणारे एक-दोन महिन्यांचे बाळ आणि शीमध्ये मात्र रक्ताचे बारीक धागे. अशा काही बाळांना आईने घेतलेल्या दुधातले प्रथिन तिच्या अंगावरच्या दुधातून पोहोचते आणि आतड्याला सूज येते. दिसते भयंकर, पण हा प्रकार बहुतेक बाळांत वर्षभराचे होईपर्यंत जातो. शीमध्ये रक्त यायची दुसरीही कारणे असतात, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवे. पण आईचे दूध तोडायचे नाही. गरज पडली तर काही दिवस आईच्या जेवणातून दूध, दही, पनीर, खवा काढतात आणि तिला कॅल्शियमच्या गोळ्या देतात.

उशिराच्या ॲलर्जीत आणखी एक प्रकार आहे. वरचे अन्न नुकतेच सुरू झालेले असते. बाळ घास खाते, खेळते, आणि एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या सुरू होतात. बाळ पांढरे पडते, मलूल होते. अंगावर गांधी नाहीत, ताप नाही. गाईचे दूध आणि सोयाबीन यांच्याइतकाच तांदूळही याला कारण होऊ शकतो. दवाखान्यात याला पोटाचा संसर्ग समजण्याची शक्यता असते. पण त्याच पदार्थानंतर तेवढ्याच तासांनी दुसऱ्यांदा हेच झाले, तर ती साथ नव्हे. हे डॉक्टरला कोण सांगणार? ज्याने घास भरवला आणि वेळ पाहिली, तोच.

आता दूध न पचण्याबद्दल. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती फोडणारा रस आतड्याच्या आतल्या अस्तरात तयार होतो. बाळाला मोठे जुलाब झाले की हे अस्तर खरवडले जाते आणि काही दिवस दूध पचत नाही. पाण्यासारखी, आंबूस वासाची, जोरात होणारी शी, पोटात वायू, ढुंगणाची कातडी लाल. अस्तर भरून आले की हे जाते. त्याला काही दिवस किंवा काही आठवडे लागतात. जन्मापासून ही साखर अजिबात न पचणारे बाळ फारच दुर्मीळ असते. मोठ्या माणसांना दूध पिऊन पोट फुगते, ते वेगळे. ते सहसा बालपण सरता सरता किंवा त्यानंतर सुरू होते. तेव्हा 'याच्या अब्बूंना दूध चालत नाही, म्हणून बाळालाही नको' हे बरोबर नाही.

आईच्या दुधात ही साखर गाईच्या दुधापेक्षा जास्तच असते. आईने दूध पिणे सोडले तरी ती कमी होत नाही. मग आईच्या दुधाला दोष का लावायचा? जुलाबातही अंगावर पाजणे चालूच ठेवायचे असते, सोबत ओआरएस आणि डॉक्टर किंवा आशाताई सांगतील तशा झिंकच्या गोळ्या. जुलाबात दूध तोडले तर बाळ आणखी खंगते.

आता आपल्या घरांतल्या काही समजुतींबद्दल बोलते.

आपल्यापैकी कितीतरी घरांत शेळ्या आहेत. गाईचे दूध बाधले की शेळीचे दूध द्या, असा सल्ला हमखास मिळतो. शेजारी सेवाग्राम असल्यामुळे शेळीच्या दुधाचा मान आपल्या जिल्ह्यात जास्तच आहे. पण गांधीजी शेळीचे दूध घेत ते व्रतामुळे. गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे त्यांनी ठरवले होते. त्याचा ॲलर्जीशी संबंध नाही. गाय आणि शेळी यांच्या दुधातली प्रथिने इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बहुतेक बाळांना शेळीचे दूधही चालत नाही. म्हशीच्या दुधाचेही पुष्कळदा तसेच. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट नावाचे जीवनसत्त्व कमी असते. फक्त त्यावर वाढवलेल्या बाळाच्या अंगात रक्त कमी होते.

दुसरी समजूत डब्याची. औषधाच्या दुकानात 'लॅक्टोज फ्री' लिहिलेला पावडरचा डबा मिळतो. त्यात साखर काढलेली असते, दुधाचे प्रथिन बहुधा तसेच असते. म्हणजे खरी ॲलर्जी असलेल्या बाळाला त्याचा उपयोग नाही, आणि ज्याला काहीच नाही त्याला गरज नाही. हजार-दोन हजार रुपये मात्र जातात. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. असा कायदा का करावा लागला, याचा विचार करा.

तिसरी समजूत रक्ताच्या तपासणीची. शंभर पदार्थांची एकदम तपासणी करून लांबलचक यादी हातात देतात. बेंगळुरू आणि म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धची चिन्हे सापडली. प्रत्यक्षात ॲलर्जी असण्याची शक्यता मात्र शंभरात एकाच्या आसपास लोकांतच दिसली. कागदावर नाव आले म्हणजे ॲलर्जी आहे असे होत नाही. आधी खाल्ल्यावर काय झाले ते पाहायचे आणि मग डॉक्टर सांगतील तेवढीच तपासणी करायची. गव्हाचा एक आजार मात्र वेगळा आहे. गहू सुरू केल्यावर महिनोन्‌महिने जुलाब, फुगलेले पोट, वाढ थांबणे, अशी लक्षणे असतील तर रक्त तपासेपर्यंत पोळी बंद करू नका. गहू बंद केल्यावर ती तपासणी चुकीचे उत्तर देऊ शकते.

चौथी गोष्ट मधाची. तहनीकची रीत पाळणाऱ्या घरांशी मला वाद घालायचा नाही. पण एक वर्षाच्या आत बाळाला मध देऊ नये, असे जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. मधात असू शकणाऱ्या एका जंतूच्या बीजामुळे लहान बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. ही ॲलर्जी नव्हे, विषबाधा आहे. आपल्याकडे बोट मधात बुडवून चाटवण्याची सवय आहे, म्हणून सांगितले.

आता कुणी म्हणेल, एवढी भीती आहे तर अंडे, शेंगदाणे वर्ष-दोन वर्षे देऊच नयेत. डॉक्टरही पूर्वी असेच सांगत. मग लंडनच्या संशोधकांच्या लक्षात आले की इस्राएलमधली ज्यू मुले लहानपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खातात आणि त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी कमी आहे. इंग्लंडमधल्या ज्यू मुलांना तो उशिरा मिळतो आणि त्यांच्यात ती जास्त आहे. त्यांनी जास्त धोका असलेल्या ६४० बाळांवर प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. शेंगदाणा टाळलेल्या मुलांपेक्षा तो लहानपणी सुरू केलेल्या मुलांत पाचव्या वर्षी ॲलर्जी कितीतरी कमी निघाली. तेव्हा सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर घरचे सगळे अन्न. मऊ वरण-भात, पूर्ण शिजलेले अंडे, खिचडीत बारीक वाटलेला दाण्याचा कूट. अख्खा दाणा कधीच नको, तो घशात अडकतो. ज्या बाळाच्या अंगावर खूप इसब आहे किंवा ज्याला आधीच एखादा पदार्थ बाधला आहे, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारा.

फक्त एका वेळी एकच नवा पदार्थ द्या. ईदच्या दिवशी आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडात लाडाने शीरखुर्म्याचा चमचा जातो. त्या एका चमच्यात दूध आहे, गव्हाची शेवई आहे, काजू, बदाम, पिस्ता, चारोळी आहे. बाळाच्या अंगावर गांधी उठल्या तर कशाने उठल्या ते कसे सांगणार? मग पुढे भीतीने सगळेच बंद होते. नवा पदार्थ सकाळी द्या, थोडा द्या, बाळ बरे असताना द्या, दोन-तीन दिवस तोच द्या. मग पुढचा.

आणि नोंद ठेवा. पाच गोष्टींची. काय दिले, किती दिले, किती वाजता दिले, किती वेळाने काय झाले, आणि आधी कधी असे झाले होते का. मोबाइलमध्ये गांधींचा फोटो, शीचा फोटो काढून ठेवा. लाज कसली? डॉक्टरसमोर पोहोचेपर्यंत गांधी गेलेल्या असतात, फोटो राहतो. लिहिता येत नसेल तर घरात शाळेत जाणारी मुलगी आहेच.

तुम्ही म्हणाल, आमच्या लिहिण्याने काय होणार. इथून दूर नसलेल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या, थोडेच शिकलेल्या बायांना नवजात बाळाची लक्षणे पाहायला, मोजायला, लिहायला शिकवले. १९९९ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या गावांत हे काम झाले तिथे नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासतात, त्याचे मूळ त्या कामात आहे. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचे झाल्यावरही आशाताईंनी घरी यायचे असते. त्यांच्यासमोर ती नोंद ठेवा, वजनाचा तक्ता दाखवा. वजन वाढते आहे की थांबले आहे, हे पाहिल्याशिवाय कुठलाही पदार्थ बंद करू नका.

आणि बंद करावाच लागला, तर माझी एक अट आहे. बंद केलेल्या प्रत्येक पदार्थाला परत येण्याची तारीख हवी. उशिराच्या ॲलर्जीचा संशय असेल तर डॉक्टर साधारण दोन ते चार आठवडे पदार्थ बंद करतात आणि मग पुन्हा देऊन पाहतात. बंद केल्यावर त्रास गेला आणि दिल्यावर परत आला, तरच संशय खरा. कितीतरी वेळा दिल्यावर काहीच होत नाही. युरोपातल्या नऊ देशांत बारा हजार बाळांवर लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासात गाईच्या दुधाची ॲलर्जी अशी पारखून घेतल्यावर दोनशे बाळांत एखाद्यालाच निघाली. मात्र ज्या बाळाला गांधी, सूज, श्वासाचा त्रास झाला आहे, त्याला पुन्हा देऊन पाहणे घरी कधीही करायचे नाही. ते कस्तुरबा रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरच. तिथेही तारीख असते. दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक मुले शाळेच्या वयापर्यंत तीतून बाहेर पडतात. मग दहा वर्षांच्या मुलाला अजून 'दूध चालत नाही' का म्हणायचे?

हे मी आग्रहाने का सांगते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. शंभरात पस्तीस. ज्या घरात आधीच दूध पावशेर आणि अंडे आठवड्यातून एकदा येते, तिथे 'मानवत नाही' म्हणून तेही काढले तर ताटात राहते काय?

आणि याचा भार कुणावर पडतो तेही बघा. बाळ रडले की सुनेने काय खाल्ले याची चौकशी होते. तिचे वांगे बंद, तूर बंद, हरभरा बंद, अंडे बंद. अंगावर पाजणाऱ्या बाईला उपाशी ठेवून बाळाची ॲलर्जी बरी होत नाही. सासूबाईंनो, मी तुम्हाला दोष देत नाही. तुमच्या वेळी कुणी समजावून सांगितले नव्हते. पण आता सुनेच्या ताटातून काही काढायचे असेल तर कारण सांगून काढा आणि तारीख ठरवून काढा.

भावांनो, सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे सगळ्यांना पाठ असते. त्याच आयतीत दूध सोडवायचे तर आईबापांनी एकमेकांच्या राजीखुशीने आणि सल्लामसलतीने ठरवावे असेही आहे, आणि आईच्या खाण्या-कपड्याची जबाबदारी बापावर टाकली आहे. मग बाळाच्या अन्नाचा निर्णय एकट्या बाईच्या माथी का? दवाखान्यात सोबत जा. काय दिले, किती वाजता दिले, हे तुम्हालाही सांगता आले पाहिजे.

हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, तेव्हापासून आपल्यातली काही माणसे एकच गोष्ट सांगत आली आहेत. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, जुनी असो की नवी, घरातली असो की बाजारातली. ती फक्त कायद्याच्या आणि तलाकच्या प्रश्नांपुरती नाही. सहा महिन्यांच्या बाळाच्या वाटीलाही ती लागू आहे.

घरी गेल्यावर एवढे करा. तुमच्या बाळाचे काय काय बंद आहे त्याची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, का बंद केले आणि कधीपासून. ज्याच्यापुढे कारण लिहिता येणार नाही, ते आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. ज्याच्यापुढे सूज, गांधी किंवा श्वास लिहाल, त्या बाळाला या आठवड्यातच दवाखान्यात दाखवा.